मॅडम, हा सोरायसिस एकदाचा जाणार तरी कधी?

मागच्या अंकात कोंड्याबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ सहज टाकली होती, की कोंडा समजून वर्षानुवर्षं शाम्पू बदलत बसलेल्या काही जणांना खरं तर डोक्यातला सोरायसिस असतो, म्हणजे कातडीवर पापुद्र्यांचे चट्टे उठवणारा आजार. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. पत्रं थोडी कापलीयत, नावगाव काढून टाकलंय, सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि एक आधीच सांगते, हा विषय माझ्यासाठी नुसता ओपीडीतला नाहीये. माझ्या आईला सोरायसिस होता. कुणाकडे गेलो की निघताना ती ज्या खुर्चीवर बसलेली असायची तिच्याखालचा गळलेल्या कातडीचा भुगा हळूच पदराने गोळा करायची, कुणाला दिसू नये म्हणून. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन, मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात.

प्रश्न: माझं वय ३८. सात वर्षांपासून कोपरं, गुडघे आणि पाठीवर चट्टे आहेत. पाच डॉक्टर झाले. मलम लावलं की जातं, बंद केलं की महिन्याभरात परत. शेवटी एकाने 'मुळापासून घालवतो' म्हणून पुड्या दिल्या, तीन आठवड्यांत अंग इतकं साफ झालं की मी रडलो. पुड्या संपल्या आणि पंधरा दिवसांत डोक्यापासून पायापर्यंत लाल झालो, थंडी वाजायला लागली, अॅडमिट व्हावं लागलं. मॅडम, हे कधी जाणार आहे का? आणि मलाच का झालं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी त्या पुड्यांचं बोलू, कारण तो भाग जिवावरचा आहे. नाव नसलेल्या, काय घातलंय ते न लिहिलेल्या औषधाने सोरायसिस तीन आठवड्यांत चकाचक झाला, की माझा पहिला संशय पोटात घ्यायच्या स्टिरॉइडवर जातो. तुमच्या पुडीत काय होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण जे घडलं ते अगदी तसंच घडलंय. स्टिरॉइड पोटात गेलं की चट्टे झपाट्याने विरतात आणि ते एकदम थांबलं की आजार दुप्पट जोराने उसळतो, कधी पू भरलेल्या बारीक पुळ्या येतात तर कधी सगळं अंगच लाल होतं. अंगाची जवळजवळ सगळी कातडी लाल होणं ही इमर्जन्सी असते, कारण कातडी म्हणजे आपलं कुंपण आहे, ते मोडलं की शरीरातली उष्णता आणि पाणी दोन्ही बाहेर जातं, म्हणून तर तुम्हाला थंडी वाजत होती. तुम्ही अॅडमिट झालात हे फार बरं केलंत. असं पुन्हा कधी झालं, तर सकाळपर्यंतसुद्धा थांबू नका.

आता 'कधी जाणार'. खरं सांगते, आजच्या घडीला सोरायसिस कायमचा घालवणारं औषध कुणाकडेच नाही, माझ्याकडे नाही, पाच डॉक्टरांकडे नव्हतं आणि पुडीवाल्याकडेही नव्हतं. पण आटोक्यात नक्की येतो, इतका की बरेच जण वर्षानुवर्षं अंगावर एकही चट्टा न घेता जगतात. बीपी किंवा दम्याचं जसं असतं तसं हे आहे. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं तर आपण 'गोळी फसवी निघाली' म्हणत नाही ना? मग मलम बंद केल्यावर चट्टा आला की मलम खोटं ठरत नाही. तुमच्या पाच डॉक्टरांपैकी कुणीतरी हे पहिल्याच दिवशी बसून सांगायला हवं होतं, ते झालं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण 'मुळापासून' या शब्दाला माणूस भुलतो तो त्याला खरं कुणी सांगितलेलं नसतं म्हणूनच.

आत काय चाललंय तेही बघा. आपली कातडी खालून नवी बनत वर सरकत येते आणि सगळ्यात वरचा मेलेला थर नकळत गळतो, या सगळ्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या जागी हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकलं जातं. पेशी पुऱ्या तयार व्हायच्या आत वर ढकलल्या जातात, गळायला वेळ मिळत नाही, एकावर एक साचतात, म्हणून तो चंदेरी पापुद्र्यांचा थर. ही घाई लावतं कोण, तर आपलीच प्रतिकारशक्ती. जंतू नसताना ती कातडीत जंतूंशी लढल्यासारखी वागते. हे कळलं त्याची गोष्ट छान आहे, १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सांधेदुखीसाठी देऊन बघत होते, आणि त्यात ज्यांना सोरायसिस होता त्यांची कातडीच साफ होऊ लागली. तोवर हा फक्त कातडीचा आजार समजला जायचा. तेव्हा 'रक्त खराब झालंय', 'रक्त शुद्ध करून घ्या' असं कुणी म्हणालं तर सोडून द्या, रक्तात घाण वगैरे काही नाहीये.

'मलाच का' याचं पुरं उत्तर देता येत नाही. थोडा भाग जीन्सचा असतो, आई किंवा वडील एकाला असेल तर मुलाला व्हायची शक्यता साधारण दहा टक्के, दोघांनाही असेल तर चाळीस-पन्नासच्या घरात. म्हणजे एकालाच असेल तर बहुतेक मुलांना होत नाही, हेही लक्षात घ्या. बाकी निमित्त लागतं. घशाचं इन्फेक्शन, मोठा ताण, सिगारेट, दारू, वाढलेलं वजन, थंड कोरडी हवा, काही औषधंसुद्धा, जसं मानसिक आजारावरचं लिथियम, बीपीवरच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, मलेरियावरच्या क्लोरोक्विनसारख्या गोळ्या. (म्हणून उद्या उठून बीपीची गोळी बंद करू नका, फक्त डॉक्टरांना विचारा की दुसरी चालेल का.) आणि एक निमित्त आपल्याच हातात असतं. जिथे कातडीला इजा होते, खरचटतं, घासतं, तिथे नवा चट्टा उठतो. कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८७२ साली सांगितलं, अजून त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पापुद्रे नखाने खरवडून काढले की खालून रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके येतात, ते दिसले की समजा तुम्ही आजाराला खतपाणी घालताय. खाज असह्य झाली तर थंड ओला कपडा ठेवा, मॉइश्चरायझर लावा, पण नख नको.

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलाला मागच्या महिन्यात ताप आणि घसा दुखणं झालं, त्यानंतर अंगभर थेंब शिंपडल्यासारखे लाल ठिपके उठले. डॉक्टर सोरायसिस म्हणाले. शाळेत त्याच्याशेजारी आता कुणी बसत नाही. एका पालकांनी तर फोन करून विचारलं की 'बरा होईपर्यंत घरी ठेवाल का'. हा खरंच पसरतो का?

नाही. स्पर्शाने नाही, एकत्र जेवण्याने नाही, टॉवेलने नाही, पोहण्याच्या तलावात नाही, कशानेच नाही. तुमच्या मुलाला मिठी मारून कुणालाही सोरायसिस होणार नाही, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून वर्गशिक्षकांना द्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि फोन करणाऱ्या पालकांशी शिक्षकांनाच बोलू द्या, तुम्ही एकट्या भांडत बसू नका. लोकांच्या मनातली भीती फार जुनी आहे. कितीतरी शतकं सोरायसिस आणि कुष्ठरोग एकाच पोत्यात घातले जायचे, १८४१ साली व्हिएन्नाच्या हेब्रा या डॉक्टरांनी ते नीट वेगळे केले. आणि कुष्ठरोगाच्या माणसालाही वाळीत टाकायचं काही कारण नाही म्हणा, तोही औषधाने पूर्ण बरा होतो.

तुमच्या मुलाचा जो प्रकार आहे तो थेंबांसारखा, मुलांमधे आणि तरुणांमधे जास्त दिसतो, आणि बहुतेक वेळा घशाला स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूचं इन्फेक्शन होऊन दोन-तीन आठवड्यांनी येतो. प्रतिकारशक्ती घशातल्या जंतूशी लढायला उठली आणि लढाई कातडीपर्यंत आली, असं समजा. चांगली गोष्ट ही की बऱ्याच मुलांचा काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतो. काहींना पुढे मोठे चट्टे येऊ शकतात, म्हणून लक्ष ठेवायचं, पण रोज कपडे काढून ठिपके मोजत बसायचं नाही. मुलाला तेच जास्त लागतं. पुन्हा घसा दुखला तर लगेच दाखवा. आणि त्याला एक वाक्य शिकवून ठेवा, 'ही माझ्या कातडीची घाई आहे, तुला होणार नाही'. मुलांना उत्तर तयार असलं की बळ येतं, हे मी खूपदा बघितलंय.

प्रश्न: गेले दोन वर्ष मलम लावतोय, काडीचा फरक नाही. औषधच चुकीचं आहे का?

काका, तुम्ही पत्रात लिहिलंय की एक ट्यूब तुम्हाला चार महिने पुरते. आणि चट्टे दोन्ही पायांवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आहेत. उत्तर तिथेच आहे हो!

मलम किती लावायचं हे बहुतेकांना कुणी दाखवतच नाही. तर असं करा. ट्यूब दाबून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक सरळ वळी काढा, साधारण अर्धा ग्रॅम होते ती, आणि तेवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटं धरून. आता आपला तळहात चट्ट्यांवर ठेवून मोजा किती तळहात जागा होते. दोन्ही पायांना मिळून दहा तळहात झाली तर एका वेळेला पाच वळ्या लागणार, म्हणजे अडीच ग्रॅम, दिवसातून एकदा लावलं तरी तीस ग्रॅमची ट्यूब बारा दिवसांत संपली पाहिजे. तुमची चार महिने पुरतेय म्हणजे औषध चट्ट्यापर्यंत पोचलेलंच नाहीये.

दुसरं, जाड पापुद्र्यांवर मलम चोपडणं म्हणजे भिंतीला लावून आतल्या माणसाला बरं करायचा प्रयत्न. आधी कोमट पाण्याने अंघोळ, कडकडीत नको, दहा मिनिटं, साबण सौम्य. अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही. लगेच, अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर, जितकं तेलकट तितकं चांगलं, साधं पेट्रोलियम जेलीसुद्धा चालतं. अर्ध्या तासाने औषधाचं मलम. पापुद्रे फार जाड असतील तर डॉक्टर सॅलिसिलिक अॅसिडचं मलम देतात, ते थर मऊ करतं. एक गोष्ट मात्र सांभाळा, कॅल्सिपोट्रिऑल हे व्हिटॅमिन डी घराण्यातलं मलम चालू असेल तर ते आणि सॅलिसिलिक अॅसिड एकाच जागी एकाच वेळी लावू नका, अॅसिडने ते निकामी होतं. या कॅल्सिपोट्रिऑलचं मूळही योगायोगातच आहे, १९८५ मधे जपानी डॉक्टरांनी लिहिलं की हाडं ठिसूळ झाली म्हणून एका रुग्णाला व्हिटॅमिन डीचं औषध दिलं आणि त्याचा सोरायसिसच गेला, तिथून ही मलमं आली.

आता उलटी बाजू, कारण हे वाचून कुणीतरी स्टिरॉइडचं मलम तोंडाला थापेल. क्लोबेटासॉलसारखं जोरकस स्टिरॉइड चेहऱ्यावर, काखेत, जांघेत, छातीखालच्या घडीत लावायचं नाही, तिथली कातडी पातळ असते, आणखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, कायमचे वळ उठतात. अशा जागी सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमस हे बिनस्टिरॉइडचं मलम देतात. कोपर-गुडघ्यालाही क्लोबेटासॉल सलग दोन आठवड्यांच्या वर डॉक्टरांना न विचारता नको, आणि आठवड्याला पन्नास ग्रॅमच्या वर तर कधीच नको. चट्टा सपाट झाला की एकदम बंद न करता आठवड्यातून दोन दिवस, मग बाकीचे दिवस बिनस्टिरॉइडचं, असं उतरवत आणतात, ते तुमचे डॉक्टर आखून देतील. तोच शेवटचा टप्पा लोक गाळतात आणि मग 'परत आलं' म्हणतात.

जाता जाता, पॅराफिनचं (पेट्रोलियम जेली त्यातलीच) मलम मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. सिगारेट, शेगडी, मेणबत्तीपासून लांब.

प्रश्न: डोक्यातला कोंडा आणि सोरायसिस ओळखायचा कसा?

कोंडा पिवळसर तेलकट असतो आणि केसभर पसरलेला. सोरायसिसचा थर जाड, कोरडा, चंदेरी, बोटाला खडबडीत लागतो, आणि बरेचदा केसांच्या रेषेच्या बाहेर कपाळावर, कानामागे, मानेवर डोकावतो. शंका असेल तर नखं, कोपरं आणि बेंबी बघा, तिथेही काही सापडलं तर सोरायसिस धरून चला आणि दाखवा. औषध केसांना नाही, केसांत भांग पाडत पाडत कातडीला लावायचं, रात्री. आणि थर मऊ झाल्याशिवाय फणीने उपसायचा नाही, केस हातात येतात. ते परत उगवतात सहसा, पण घाबरायला होतं.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना बारा वर्षांपासून सोरायसिस आहे, फक्त कोपरांवर, म्हणून ते लक्ष देत नाहीत. सहा महिन्यांपासून सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, एक बोट तर अख्खं सुजून जाड झालंय, टाचही दुखते. ते म्हणतात वय झालं. नखांवर बारीक खड्डे पडलेत ते पण यातलंच का?

ताई, हा अंक खाली ठेवा आणि अपॉइंटमेंट घ्या, खरंच. यावेळच्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्याच पत्राची वाटली.

सोरायसिस असलेल्यांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होतो, त्याला सोरायटिक आर्थ्रायटिस म्हणतात. तुम्ही लिहिलेली एकेक खूण पुस्तकातली आहे. सकाळचा अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा ताठरपणा, हालचाल केली की कमी होणारा (वयाच्या झिजेचं दुखणं उलट वागतं, वापराने वाढतं). एकच बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणं. टाचेला, जिथे स्नायूची दोरी हाडाला चिकटते तिथे दुखणं. आणि हो, नखं. शिवणकामाचं टोपण बघितलंय ना, बोटात घालायचं, त्याच्यावर जसे खळगे असतात तसे नखावर पडतात, किंवा नखाखाली तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो, नख टोकाकडून सुटत येतं. ज्यांच्या नखांत आजार आहे त्यांच्यात सांध्यांचा त्रास जास्त सापडतो.

चट्टे किती आहेत याच्याशी सांध्यांचा मेळ बसत नाही. दोन कोपरांवर रुपयाएवढा डाग आणि बोटं वाकडी झालेली माणसं मी बघितलीयत. कातडीवरचा चट्टा जातो तेव्हा कायमची खूण ठेवत नाही, पण सांध्याचं हाड एकदा कुरतडलं गेलं की ते भरून येत नाही, म्हणून इथे महिने फार मोलाचे असतात. त्यांना सांधेविकार तज्ज्ञांकडे न्या आणि सोरायसिस आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, कोपरं झाकलेली असली की कुणाच्या लक्षात येत नाही. रक्तातला रूमॅटॉइड फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून 'काही नाही' समजू नका, यात तो सहसा निगेटिव्हच असतो. मिस्टरांना म्हणावं, हे दुखणं अंगावर काढायचं नाहीये.

त्याच फेरीत बीपी, साखर, कोलेस्टेरॉलही तपासून घ्या. ही सूज कातडीपुरती थांबत नाही, सोरायसिसवाल्यांना हृदयविकार आणि डायबिटीसचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

प्रश्न: मी ३१ वर्षांची आहे, मेथोट्रेक्सेट चालू आहे, त्याने छान आराम आहे. आता आम्ही बाळाचा विचार करतोय. गोळी कधी थांबवू?

विचार करताय तेव्हाच विचारलंत, फार शहाणपणाचं केलंत. मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, तिच्यावर असताना दिवस राहू द्यायचे नाहीत, गर्भाला इजा होते, गर्भपात होऊ शकतो. गोळी बंद करून मधे काही महिने जाऊ द्यावे लागतात, किती ते तुमचे डॉक्टर सांगतील, तोवर संततिनियमन चालू ठेवायचं. चुकून दिवस गेलेच तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मिस्टर स्वतः असं एखादं औषध घेत असतील तर त्यांनीही विचारायचं. आणि अॅसिट्रेटिन नावाची सोरायसिसवरचीच दुसरी गोळी तर बाळ हवं असलेल्या वयातल्या बाईला शक्यतो देतच नाहीत, कारण ती बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात.

मग आजाराचं काय, असं तुम्हाला वाटेल. बऱ्याच बायकांचा सोरायसिस गरोदरपणात आपणहून शांत होतो. नाही झाला तर मॉइश्चरायझर, बेताचं स्टिरॉइड मलम आणि नॅरोबँड प्रकाशोपचार (मोजून दिलेले अतिनील किरण, पुढच्या उत्तरात सांगते) यांवर निभावता येतं, आणि तीव्र असेल तर सर्टोलिझुमॅबसारखं इंजेक्शन आहे जे बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. बाळंतपणानंतर मात्र तो उसळू शकतो, त्याची तयारी ठेवा, म्हणजे आपलंच काही चुकलं असं वाटून रडत बसणार नाही.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या सगळ्यांसाठी अजून एक, कळकळीने. ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतल्याने माणसं दगावलीयत. वार ठरवा, पाकिटावर पेनाने लिहा, घरच्यांना सांगा, आणि औषध घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून घेत असाल तर त्यांनाही. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी, दारू बंद, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या की करायच्याच.

प्रश्न: प्रकाशाचं मशीन आणि महागडी इंजेक्शनं यातलं काय घ्यावं? इंजेक्शन सुरू केलं की जन्मभर का?

या दोन्ही गोष्टी म्हणजे मलमांनी भागत नसेल तेव्हाची पायरी. प्रकाशोपचारात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मोजून देतात, आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण दोन-तीन महिने. डोळ्याला चष्मा, नाजूक भाग झाकलेला. ज्यांना रोजच्या कामातून तेवढ्या फेऱ्या जमतात त्यांनी आधी हा विचार करावा, पोटात काही जात नाही हा मोठा फायदा. फक्त 'मग उन्हातच बसतो की' असं करून भाजून घेऊ नका, भाजलेल्या जागी नवे चट्टे येतात.

बायोलॉजिक्स म्हणजे ती इंजेक्शनं सगळी प्रतिकारशक्ती दाबत नाहीत, सूज पेटवणारा एखादा निरोप्या नेमका अडवतात. टीएनएफ नावाचा निरोप्या अडवणारी अॅडालिमुमॅबसारखी आधी आली, मग आयएल १७ हा निरोप्या अडवणारी सेक्युकिनुमॅब, आयएल २३ अडवणारी गुसेलकुमॅब आणि रिसँकिझुमॅब. नव्या औषधांनी नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त साफ होणारे रुग्ण निम्म्याहून जास्त असतात, आई असताना हे असतं तर, असं मला दर वेळी वाटतं. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दबून बसलेला टीबी काहींमधे जागा होतो, आणि हिपॅटायटिसचीही. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात चालत नाहीत, त्या आधीच विचारून घ्या. जन्मभरच का, तर तसं नाही, पण बंद केल्यावर काही महिन्यांत आजार परतायची शक्यता बरीच असते, म्हणून पुढचं दोन-तीन वर्षांचं गणित मांडूनच सुरू करा. मधेच सोडून पुन्हा घेतलं तर काहींना आधीसारखा गुण येत नाही.

प्रश्न: जो भेटेल तो सांगतो हे खाऊ नको ते खाऊ नको. नक्की पथ्य काय?

सोरायसिस बरा करणारा किंवा सगळ्यांना बिघडवणारा असा कुठलाही एक पदार्थ नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवा, त्याने चट्टेही कमी होतात आणि औषधंही नीट लागू पडतात. दारू आणि सिगारेट बंद. सीलिएक आजार (गव्हातलं ग्लुटेन न सोसणं) असेल तरच गहू बंद. एखादी गोष्ट खाल्ली की तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होतो असं दिसलं तर ती टाळा, पण दहा जणांच्या सांगण्यावरून ताटातलं सगळं काढून टाकत अशक्त होऊ नका.

प्रश्न: मी २० वर्षांची. रंग सावळा आहे. औषधाने चट्टे सपाट झालेत पण जागोजागी काळे डाग राहिलेत. आई म्हणते आजार गेलाच नाहीये, अजून जोरात मलम लाव. तीन वर्षांत मी हाफ बाह्या घातलेल्या नाहीत. मला पोहायला आवडायचं.

अगं, तुझ्या आईला म्हणावं, बोट फिरवून बघा. सपाट लागतंय, खडबडीत नाही, पापुद्रा निघत नाही, खाज नाही, तर आजार तिथून गेलाय, हा फक्त त्याचा रंग मागे राहिलाय. सावळ्या कातडीवर सोरायसिस लाल कमी आणि जांभळट-तपकिरी जास्त दिसतो, आणि जाताना काळा किंवा फिकट डाग ठेवून जातो. तो आपोआप विरतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षभर. त्यावर स्टिरॉइड चोळत राहिलीस तर डाग जाणार नाहीत, कातडी मात्र पातळ होईल. तेव्हा तिथलं मलम थांबवायचं, डॉक्टरांना एकदा दाखवून, आणि उन्हात जाताना सनस्क्रीन.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मला आईची ती खुर्ची आठवली. तीन वर्षं खूप झाली गं. झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, रोज रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग, सोरायसिसमधे नैराश्य खूप जणांना येतं आणि त्यालाही उपचार आहेत, ते कातडीच्या औषधाइतकेच खरे आहेत.

आणि पोहायचं तर पोह. पाण्यात उतरायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव, बाहेर आलीस की साध्या पाण्याने क्लोरीन धुऊन टाक आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. भेगा पडून रक्त येत असेल त्या आठवड्यात नको, झोंबेल. पहिल्या दिवशी एखाद्या मैत्रिणीला सोबत ने, आणि कसं झालं ते मला कळव.